छपराखालची परीक्षा

दहावी-बारावीचे निकाल जाहीर झाले की दरवर्षी त्याच चार-पाच कारणांची उजळणी सुरू होते. निकाल कमी लागला तर मुलांनी अभ्यास केला नाही, शिक्षकांनी शिकवले नाही, पालकांनी लक्ष दिले नाही, मोबाईलने वेळ खाल्ला, अभ्यासक्रम जड होता, असा ज्याच्या त्याच्या पदरात दोष घातला जातो. निकाल चांगला लागला तर याच मंडळींत श्रेयाची वाटणी होते. दोषाच्या आणि श्रेयाच्या या यादीत, ज्या खोलीत ते मूल वर्षभर बसले त्या खोलीचे नाव कधी येत नाही. तिचे छप्पर कशाचे होते, तिच्या खिडक्या उघडत होत्या की नाही, दुपारी एक वाजता आत पारा किती चढत होता, चाळीस-पन्नास मुलांनी सोडलेला श्वास बाहेर जायला वाट होती काय, हे कोणत्याही निकालपत्रकावर लिहिलेले नसते. तथापि मुलाच्या गुणांत त्या खोलीचाही वाटा असतो आणि तो मोजता येतो, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे.

मागे एकदा एका शाळेच्या पारितोषिक वितरणाला आम्हाला बोलावणे आले होते. दिवस फेब्रुवारीचे, वेळ दुपारी तीनची. सभागृह म्हणजे गळती थांबवण्यासाठी गच्चीवर घातलेल्या पत्र्यांखालची जागा. व्यासपीठावर दोन मोठे पंखे होते आणि दोन्ही पाहुण्यांकडे वळवलेले होते. त्या वाऱ्यात बसून आम्ही परिश्रमाचे महत्त्व सांगत होतो आणि समोर मुले वह्यांच्या पुठ्ठ्यांनी वारा घेत, पेंगत, एकमेकांच्या खांद्यांवर रेलत ते ऐकण्याचे सोंग करीत होती. भाषण संपल्यावर एका शिक्षकाने ओशाळून म्हटले, ‘काय करणार, हल्लीच्या मुलांचे लक्षच लागत नाही.’ आम्हीही मान डोलावली. पंखा मुलांकडे वळवा, एवढे चार शब्द आमच्या तोंडून त्या दिवशी निघाले नाहीत, याची खंत अजून जात नाही. मुलांचे लक्ष कुठे गेले होते हे शोधायला लांब जाण्याची गरज नव्हती. ते डोक्यावरच्या पत्र्याने खाल्ले होते.

हा केवळ आमचा तर्क नव्हे. अमेरिकेतील जिसंग पार्क, जोशुआ गुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील महाविद्यालय प्रवेशाच्या पूर्वपरीक्षेला बसलेल्या सुमारे एक कोटी विद्यार्थ्यांचे गुण तपासले. त्यांचा निबंध २०२० साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी ही परीक्षा एकापेक्षा अधिक वेळा दिली होती, अशांच्या एका वर्षाच्या गुणांची तुलना त्यांच्याच दुसऱ्या वर्षाच्या गुणांशी केली. म्हणजे हुशार मूल आणि मंद मूल असा भेद मध्ये आलाच नाही. निष्कर्ष असा निघाला की शाळेचे वर्ष एक अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे अर्ध्या अंश सेल्सिअसने अधिक उष्ण गेले, तर त्या वर्षीची शिकण्याची प्रगती सुमारे एक टक्क्याने घटते. याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. शनिवार-रविवारच्या आणि सुट्टीतल्या उष्णतेचा गुणांवर असा परिणाम दिसला नाही. तो दिसला केवळ शाळेच्या दिवसांतल्या उष्णतेचा, आणि जेथे वर्ग थंड ठेवण्याची सोय होती तेथे तो जवळजवळ नाहीसा झाला. अर्थात दोष ऋतूचा जेवढा तेवढाच खोलीचा. या नुकसानीचा मोठा वाटा कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांच्या पदरी पडला, हेही त्या अभ्यासाने दाखवून दिले. गैरसोय वाटतानाही जग पंक्तिप्रपंच करते, हे आपल्याला नवीन नाही.

उष्णतेबरोबर दुसरा प्रश्न कोंदटपणाचा आहे आणि तो पुष्कळ जुना आहे. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ मॅक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ साली असे मांडले की, खोलीतील हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे एक हजारांहून अधिक भाग झाले की ती हवा शिळी समजावी. हा वायू त्या प्रमाणात विषारी असतो असे त्यांचे म्हणणे नव्हते. माणसांनी सोडलेला श्वास खोलीत किती साचला आहे, याची ती खूण होती. बाहेरच्या हवेत आज हे प्रमाण चारशेवीसच्या पुढे आहे. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी खोली घ्या, तीत पंचेचाळीस मुले बसवा आणि दारे-खिडक्या पक्क्या लावून घ्या. साधा हिशेब केला तरी पेटेनकोफरची मर्यादा आठ-दहा मिनिटांत ओलांडली जाते. हजेरी संपून फळ्यावर पहिले उदाहरण लिहिले जाते न जाते, तोच वर्ग एकमेकांचा श्वास घेऊ लागलेला असतो. शिवाय बसलेल्या प्रत्येक मुलाच्या अंगातून साठ-सत्तर वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. पंचेचाळीस मुलांची मिळून ती तीन इस्त्र्या दिवसभर तापत ठेवल्याइतकी होते. डेन्मार्कमध्ये पावेल वारगोत्स्की आणि डेव्हिड वायन यांनी दहा ते बारा वर्षांच्या मुलांवर प्रयोग केले. वर्गात येणारी ताजी हवा वाढवली आणि खोलीचे तापमान उतरवले, तेव्हा तीच मुले तीच कामे अधिक वेगाने करू लागली.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. डेन्मार्कच्या मुलांना वीस अंश सुखाचे वाटतात म्हणून डिचोलीच्या वा काणकोणच्या मुलांनाही वीसच हवेत, असा अर्थ कोणी काढू नये. माणसाचे शरीर आपल्या मुलखाच्या हवेशी जुळवून घेते. माधवी इंद्रगंटी यांनी २००८ साली हैदराबादच्या सदनिकांत पाहणी केली, तेव्हा तेथील रहिवाशांना सुखद वाटणारे तापमान २९ अंशांच्या आसपास निघाले. डोक्यावर पंखा, अंगावर सुती कपडा आणि उघडी खिडकी असेल तर आपला माणूस पुष्कळ सोसतो. पण कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर उष्णतेची जात वेगळी आहे. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या आमच्या वाचकांना लू ठाऊक आहे आणि तिच्यावरचा वाळ्याच्या ओल्या पडद्यांचा उपायही ठाऊक आहे. तेथील हवा कोरडी, म्हणून पाणी उडते आणि उडताना गारवा देते. आमच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की अंगावरचा घाम सुकतच नाही. म्हणून ३८ अंशांवरचे कोरडे ऊन जे करीत नाही, ते ३४ अंशांवरचा आमचा दमट उकाडा करतो. हवामान खात्यानेही हा भेद मान्य केला आहे. मैदानी प्रदेशात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून सुरू होतो, तर किनाऱ्यावर ३७ अंश पुरतात, मात्र ते नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असावे लागतात. पूर्वेकडून तापलेला वारा वाहू लागला आणि समुद्रावरचा खारा वारा वेळेवर आला नाही, की हे गणित जुळून येते.

ही वेळ आता वारंवार येऊ लागली आहे. २०२३ च्या मार्चमध्ये गोव्यातील शाळा ९ आणि १० तारखेला दुपारपूर्वी सोडाव्या लागल्या. २०२५ मध्ये तर फेब्रुवारीच्या अखेरीसच कोकण-गोव्यासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा निघाला. हेच दिवस आमच्या मोठ्या परीक्षांचे. त्याच २०२५ साली सहावी ते दहावी आणि बारावीचे नवे वर्ष एप्रिलमध्ये सुरू करण्याचे सरकारने ठरवले, तेव्हा पालकांनी विरोध केला, काहीजण न्यायालयातही गेले. तो वाद मुख्यतः तारखांचा आणि घड्याळाचा झाला. शाळा एप्रिलमध्ये असावी की जूनमध्ये, अकराला सुटावी की साडेअकराला, यावर पुष्कळ बोलले गेले. पण सरकार आणि पालक या दोघांनीही मुलाला ज्या खोलीत बसवायचे ती खोली आधी तपासायला हवी होती. छप्पर नीट असेल तर एप्रिलची सकाळही सुसह्य होते. छप्पर वाईट असेल तर मार्चची दुपार, ऑक्टोबरचा उकाडा आणि जुलैत पावसामुळे बंद ठेवलेल्या खिडक्या, हे सारे दिवस मुलाच्या विरुद्धच जातात.

आश्चर्य याचे वाटते की छप्पर कसे असावे हे या भूमीला सांगण्याची गरज नव्हती. आमच्या वाडवडिलांनी चिऱ्याच्या जाड भिंती उभारल्या, त्यांवर उंच उतरते छप्पर चढवले आणि ते नळ्यांनी, पुढे मंगळुरी कौलांनी शाकारले. कौलाकौलांमधल्या फटींतून वर गेलेली गरम हवा आपोआप निसटे. भोवती पडवी आणि सोपा असल्यामुळे उन्हाची तिरीप आणि पावसाची झड दोन्ही भिंतीपर्यंत पोचत नसत, आणि म्हणून ऐन श्रावणातही खिडकी उघडी राही. १९६३ नंतर दयानंद बांदोडकरांच्या कारकिर्दीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, तेव्हा कित्येक शाळांना स्वतःची इमारत नव्हती. त्या देवळांच्या सभामंडपांत किंवा कोणा गृहस्थाच्या सोप्यात भरत. बाके नव्हती, विजेचे पंखे नव्हते, पण हवा होती. पुढे इमारती आल्या आणि हवा गेली. सपाट स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि दुपार उलटल्यावर ते खाली ओततो. त्यावर गळतीसाठी पत्रा चढतो. पत्रा आणि स्लॅब यांच्या मधली जागा दोन्ही बाजूंनी मोकळी ठेवली तर तो पत्रा स्लॅबला सावलीच देतो. पण आम्ही ती जागा भिंतींनी बंद करून तेथे आणखी एक वर्ग बसवतो. भिंतीच्या माथ्यावरचे झरोके कबुतरांच्या त्रासापायी लिंपले जातात, खिडक्यांना कपाटे टेकवली जातात आणि अंगणात सिमेंटच्या लाद्या बसवून जवळचा आंबा तोडला जातो. याला आम्ही शाळेची सुधारणा म्हणतो, आणि तिचे उद्घाटनही करतो.

कायद्याकडे पाहावे तर तेथेही मुलांच्या वाट्याला मौनच येते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १३ व्या कलमाने कारखान्यात ताजी हवा खेळती ठेवण्याची आणि कामगाराला त्रास होणार नाही इतपत तापमान राखण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. भिंती आणि छप्पर अशा प्रकारचे असावे की आतला उष्मा वाढू नये, इतका खुलासा त्यात होता. नव्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे किमान १४.२ घनमीटर जागा हवी, असा दंडकही त्यात होता. २०२० च्या श्रमसंहितेने तो कायदा आपल्यात सामावून घेतला, तरी हवा आणि तापमान यांची जबाबदारी मालकावर कायम राहिली. आता २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे परिशिष्ट उघडा. सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे एक खोली, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण, कुंपण, हे सारे तेथे आहे आणि ते योग्यच आहे. पण वर्गातील वाऱ्याबद्दल आणि उष्म्याबद्दल त्यात अक्षर नाही. वर सांगितलेल्या खोलीत पंचेचाळीस मुले बसवली तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ३.२ घनमीटर जागा येते. स्क्रू बनवणाऱ्या माणसाला कायद्याने जेवढी हवा दिली, तिचा चौथा हिस्साही आम्ही माणूस घडवण्याच्या जागी देत नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. ‘आम्ही झाडाखाली बसून शिकलो, आमचे काय बिघडले?’ असे वडीलधारी मंडळी अभिमानाने विचारतात. त्यांना आमचे एवढेच सांगणे की, आपण झाडाखाली शिकलात, तापलेल्या पत्र्याखाली नव्हे. झाडाखालची शाळा ही गरिबीची नव्हे, शहाणपणाची खूण होती. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा काढली आणि मुलांना झाडांच्या सावलीत बसवले, ते इमारतीला पैसे नव्हते म्हणून केवळ नव्हे. १९०४ साली बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथे अशक्त मुलांसाठी जंगलात मोकळ्या हवेची शाळा निघाली आणि तिचे अनुकरण युरोपभर झाले. कष्ट सोसण्याची सवय मुलांना हवी, हे आम्हालाही मान्य आहे. पण एखाद्या ध्येयासाठी स्वतःहून सोसणे वेगळे आणि दुसऱ्याच्या निष्काळजीपणापायी सोसावे लागणे वेगळे. पहिल्याने माणूस उभा राहतो, दुसऱ्याने तो केवळ पेंगतो.

दुसरा मार्ग वातानुकूलित वर्गांचा. ज्यांना परवडते त्या शाळांनी तो धरला आहे आणि त्याची जाहिरातही होते. त्या मुलांचे सुख आम्हाला सलत नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. भिंतीवर बसवलेले नेहमीचे यंत्र खोलीतलीच हवा फिरवून गार करते, बाहेरची ताजी हवा ते आत आणीत नाही. गारवा टिकावा म्हणून खिडक्या घट्ट लावल्या की उकाडा जातो, पण शिळा श्वास तसाच साचत राहतो आणि त्याबरोबर सर्दी-तापाचे जंतूही. २०२० सालच्या महामारीने बंद खोलीतल्या हवेचा जो धडा दिला, तो इतक्या लवकर विसरणे बरे नव्हे. अशा वर्गांत हवा बाहेर खेचणारा पंखा आणि ताजी हवा आत येण्याची वाट असलीच पाहिजे, निदान प्रत्येक तासाच्या अखेरीस खिडक्या उघडल्या पाहिजेत. दुसरी गोष्ट न्यायाची. गार खोलीत वर्षभर शिकलेले मूल आणि पत्र्याखाली वर्षभर घामेजलेले मूल मार्चमध्ये एकच प्रश्नपत्रिका सोडवतात. गुणवत्तायादी दोघांना एकाच मापाने मोजते आणि त्याला आपण समान संधी म्हणतो.

खेड्यातल्या मुलावर हा भार दुहेरी पडतो. तीव्रत गर्ग, माउलिक जगनानी आणि विस ताराझ यांनी भारतातील मुलांच्या वाचन-गणिताच्या चाचण्यांचा अभ्यास केला. त्यांना असे दिसले की वर्षात अतिउष्ण दिवस वाढले की पुढच्या चाचणीतले गुण उतरतात, आणि याचे मोठे कारण शेतीच्या उत्पन्नातली घट हे आहे. उष्णता आधी शेत जाळते, मग ताटातला घास कमी करते आणि शेवटी पाटीपर्यंत पोचते. तिचा पहिला घाव आपल्याला एका दिवसात थोपवता येणार नाही. पण त्या मुलाला दुसरा घाव वर्गात बसू नये, एवढे तर आपल्या हाती आहे.

आणि त्याला फार पैसा लागत नाही. पहिला उपाय म्हणजे मोजणे. प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर एक तापमापक टांगावा आणि मुलांनीच सकाळी आठ, दहा आणि बारा वाजता त्याची नोंद वहीत करावी. कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र प्रत्येक शाळेला नाही, तरी तालुक्याला एक घेता येईल आणि ते आळीपाळीने शाळाशाळांतून फिरवता येईल. यातून विज्ञानाचा जिवंत पाठ मिळेल आणि कोणत्या खोलीला आधी हात घालावा याचा पुरावाही हाती येईल. दुसरा उपाय छपराचा. पावसाळा संपल्यावर उघड्या स्लॅबला चुन्याचा वा पांढऱ्या रंगाचा हात द्यावा. आमच्या पावसात तो टिकत नाही हे खरे, म्हणून ते काम दरवर्षीचे समजावे, जसे पूर्वी घर शाकारणे असे. तेलंगण सरकारने २०२३ साली थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले, तेव्हा हा उपाय कोणाच्या कल्पनेतला राहिलेला नाही. पत्र्याखाली छत घालावे, पत्रा आणि स्लॅब यांमधली जागा मोकळी करावी, आणि ज्या जुन्या कौलारू शाळा अजून उभ्या आहेत त्यांची कौले बदलावीत, छप्पर बदलू नये. तिसरा उपाय तर फुकटचाच आहे. लिंपलेले झरोके उघडा, खिडकीपुढचे कपाट हलवा, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या राहतील असे पाहा, आणि पाऊस आत येतो तेथे पुरेसा छज्जा द्या.

वेळापत्रकातही थोडे शहाणपण आणता येईल. गणितासारखे विषय सकाळी ठेवून दुपारी हस्तकला, वाचन, संगीत घेण्यास कोणाचीच हरकत नसावी. केरळात २०१९ पासून शाळांत मुलांना पाणी पिण्याची आठवण देणारी घंटा वाजते, ती येथेही वाजावी. गणवेशाचा विचारही एकदा मोकळ्या मनाने झाला पाहिजे. थंड मुलखातून आलेला गळपट्टा, पायमोजे आणि बंद बूट एप्रिलच्या उकाड्यात आमच्या मुलांच्या अंगावर कोणत्या शिस्तीसाठी राहतात, हे आम्हाला अद्याप कळलेले नाही. आणि पश्चिमेच्या भिंतीपाशी दोन झाडे लावावीत. ज्या पहिलीतल्या मुलांनी त्यांना पाणी घालायचे, ती दहावीला बसतील तेव्हा त्यांच्या उत्तरपत्रिकेवर त्या झाडांची सावली पडलेली असेल.

सरकारकडे आमची मागणी एवढीच आहे की, शाळेच्या मान्यतेच्या आणि तपासणीच्या नियमांत वर्गातील हवा आणि उष्मा यांचे कलम घालावे, नव्या इमारतीचा नकाशा मंजूर करताना छप्पर आणि झरोके आधी पाहावेत, आणि जुन्या इमारतींसाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम ठेवावी. युनिसेफच्या हिशेबाप्रमाणे २०२४ या एका वर्षात जगभरच्या २४ कोटी २० लाख विद्यार्थ्यांची शाळा हवामानाच्या उत्पातांमुळे विस्कळीत झाली आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा उष्णतेच्या लाटांचा होता. शाळा बंद ठेवणे हा त्यावरचा कायमचा इलाज होऊ शकत नाही. बंद शाळेचा सर्वाधिक तोटा पुन्हा त्याच मुलाला होतो, ज्याच्या घराचे छप्परही पत्र्याचेच असते.

पालकांना आणि व्यवस्थापनांना शेवटी एक विनंती. येत्या पालकसभेला शाळेत जाल तेव्हा कार्यालयातल्या पंख्याखाली बसून मुलाच्या गुणांची चौकशी करू नका. दुपारी बाराच्या सुमारास त्याच्या वर्गात जा, त्याच्याच बाकावर बसा आणि अर्धा तास काहीतरी वाचून पाहा. घरी परतल्यावर त्याला ‘तुझे लक्ष का लागत नाही’ असे विचारण्याचा धीर तुम्हाला झाला, तर खुशाल विचारा.